माळ्यावरचा बेंजो खाली काढा

लग्नसराई ओसरली की वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा या पट्ट्यातल्या बेंजो पार्ट्या सामान आवरतात आणि जुनी वाद्यं विकायला निघतात. ‘कीबोर्ड घेतला, आता याचं काय करायचं?’ म्हणत वडिलांच्या हातचा बेंजो मातीमोल भावात दिला जातो. घेणारा पिकअप आणि खुंट्या काढून घेतो, उरलेली लाकडी पेटी अडगळीत जाते नाहीतर चुलीत. हे थांबलं पाहिजे, आणि ते थांबवणं वादक आणि कारागीर या आपल्याच दोन जमातींच्या हातात आहे.

आपला बेंजो मूळचा जपानी. कातडी मढवलेल्या अमेरिकी वाद्याशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी हे वाद्य घडवलं. तैशो राजवटीचं ते पहिलं वर्ष, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. टाइपरायटरसारखी बटणं, बटण दाबलं की तार खाली दबते आणि सूर चढतो, उजव्या हाताने छेडायचं. ज्याच्या घरी शिकवायला कोणी नव्हतं, तोही थोड्या सरावात चाल वाजवू शकेल असं हे स्वस्त वाद्य होतं. आपल्याकडे आल्यावर कोणी त्याला बुलबुलतरंग म्हणालं, कोणी बेंजो. कव्वालीत ते बसलं, भीमगीतांत बसलं. मग त्याला पिकअप लागला, अँप्लिफायर जोडला गेला आणि ते वरातीपुढच्या गाडीवर चढलं. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट केला, तेव्हा शहरातल्या प्रेक्षकाला या वादकांची दखल घ्यावीशी वाटली. आपल्या जिल्ह्यात ती दखल कधीचीच होती.

याच जपानच्या दुसऱ्या एका स्वस्त वाद्याची गोष्ट इथे सांगायला हवी. १९४६ साली सुरू झालेली तेइस्को कंपनी साठच्या दशकात इलेक्ट्रिक गिटार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला पाठवत होती. सिअर्ससारख्या दुकानांतून त्या दुसऱ्याच नावांनी विकल्या जात. ज्यांना फेंडर किंवा गिब्सन परवडत नसे, अशी पोरं त्या घेत. १९६७ मध्ये कंपनी कावाईकडे गेली. जाणकार या गिटारींना खेळणी म्हणत. पण शिकागोचा हाउंड डॉग टेलर अशाच स्वस्त जपानी गिटारीवर ब्लूज वाजवत राहिला. गिटारवादक राय कूडरने तर तेइस्कोचा सोनेरी पत्र्याचा पिकअप काढून आपल्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारीत बसवला. तो आवाज लोकांच्या कानात भरला आणि त्या पिकअपला मागणी आली. मग काय, पिकअपसाठी धडधाकट गिटारी फोडल्या गेल्या. आज संग्राहक शोधतात ती न फोडलेली, मूळ अंगाची गिटार.

आपण त्याच वाटेने निघालो आहोत, फक्त आपल्याकडे ती मागणी अजून आलेली नाही.

कीबोर्डमध्ये बेंजोचा टोन असतो, मग हा खटाटोप कशाला, असं तरुण वादक विचारतात. त्यांनी जुन्या बेंजोच्या दोन मुख्य तारा कान देऊन ऐकाव्यात. दोन्ही एकाच सुरात लावायच्या, पण त्या तंतोतंत कधीच जुळत नाहीत. एक सेकंदाला ३९२ वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ३९३ वेळा, तर दर सेकंदाला सुराला एक हलका झोल येतो. बटण दाबून जोर थोडा वाढवला की तार ताणते, सूर किंचित वर सरकतो आणि तिथे गाणाऱ्या गळ्यासारखी ओढ येते. बाजूच्या तारा खालून गुंजत असतातच. कीबोर्डचं बटण हे करत नाही. ते प्रत्येक वेळी तोच ठेवलेला आवाज देतं.

आता कारागिरांसाठी. पावसाळ्यात बटणं अडकली की आपण शिलाई मशीनचं तेल सोडतो. दोन दिवस बटणं झुळझुळ चालतात, मग तेलावर धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि वाद्य पहिल्यापेक्षा वाईट अडतं. बटणं एकेक काढा, कोरड्या ब्रशने गंज झाडा आणि घासणाऱ्या जागी पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा. स्प्रिंग मऊ पडली असेल तर तेवढीच बदला.

पिकअप मुका झाला की तो फेकू नका. मल्टिमीटर लावा. काही हजार ओहम दाखवत असेल तर कॉइल शाबूत आहे, दोष बहुधा झाळकामात किंवा वायरीत. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे, आणि ती पुष्कळदा बाहेरच्या टोकाशी, डोळ्यांना दिसेल अशा जागी तुटलेली असते. केसापेक्षा बारीक तांब्याची तार असते, तेव्हा भिंग आणि बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न घेऊन बसा. आवाज वाढवला की शिट्टी मारणारा पिकअप खराब नसतो. त्याची वेटोळी सैल असतात. वितळलेल्या मेणात बुडवून काढला की शिट्टी जाते. मेण मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर ते पेट घेतं आणि पिकअपचं प्लास्टिक वाकतं. घरघर येत असेल तर आधी अर्थिंग तपासा, मग पिकअपला दोष द्या.

वादकांनीही एक करावं. जुना बेंजो स्वस्तात मिळत असेल तर घ्या, पण कपाटात ठेवायला नको. महिनोन्‌महिने न वाजलेल्या वाद्याच्या तारा गंजतात, बटणं आखडतात. घरी रोज थोडा वेळ वाजवा, सुपारी असेल तेव्हा एखादं गाणं तरी त्यावर घ्या.

आणि दुरुस्तीच्या दुकानांना आमची एक विनंती आहे. गिऱ्हाइकाने हट्टच धरला आणि नवा पिकअप, नव्या खुंट्या बसवाव्या लागल्या, तर काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घाला, पिशवीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहा आणि ती बेंजोबरोबरच त्याच्या हातात द्या.