समुद्रावर जाणाऱ्याचा हिशेब

आमच्या खानदेशात समुद्र नाही. जळगावच्या पोरांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे मेहरूण तलाव, नाहीतर पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी तापी. तरीही मागच्या वर्षी जूनमध्ये नववीच्या वर्गात आमचा अख्खा तास समुद्रावरच गेला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांचं मराठी वाचन सुधारावं म्हणून वर्तमानपत्राची कात्रणं वर्गात नेतो. त्या दिवशीचं कात्रण ‘तारिणी’ बोटीचं होतं. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून शिडाच्या बोटीने निघाल्या, पृथ्वीला फेरी घातली आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यात परतल्या. जवळपास आठ महिने, आणि बोटीवर फक्त दोघी.

बातमी वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, त्यांच्या घरच्यांनी सोडलं कसं?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. २००९ साली कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बातमीही मी त्या वेळी वर्गात वाचून घेतली होती. तेव्हा वाऱ्याबद्दल, लाटांबद्दल, जेवणाबद्दल खूप प्रश्न आले. घरच्यांबद्दल एकही नाही. म्हणजे प्रश्न बरोबर आहे, फक्त आपण तो बायकांनाच विचारतो. तो पुरुषांनाही विचारायला हवा.

माझं मत असं आहे की, घरच्यांना जाणाऱ्याला अडवण्याचा हक्क असो वा नसो, त्याच्याकडून हिशेब मागण्याचा हक्क नक्की आहे. आणि हा हिशेब कसा करायचा हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतं.

माझे दादा मुंबईहून बोटीने हजला गेले होते. १९९५ नंतर सगळे विमानाने जाऊ लागले, त्याआधी हजारो लोक तसेच जात. अब्बा सांगायचे की निघण्याआधी महिनाभर दादा नुसते देणी फेडत होते. किराणावाल्याची उधारी, शेजाऱ्याकडून आणलेले उसने पैसे, सगळं चुकतं केलं. आपण परत येईपर्यंत घर चालेल एवढे पैसे दादीच्या हातात दिले. मग घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणून आले. हे काही त्यांच्या मनाचं नव्हतं. हज ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच फर्ज आहे, आणि ऐपत म्हणजे केवळ तिकिटाचे पैसे नव्हेत. मागे राहणाऱ्यांचा तोपर्यंतचा खर्च आणि रस्त्याची सुरक्षितता हेही फिकहने त्यात धरलं आहे. जिथे हजसारख्या प्रवासालाही ही अट आहे, तिथे बाकीच्या प्रवासांना ती का नसावी?

ही अट मोडली की काय होतं, त्याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १९६८ साली तिथल्या एका वर्तमानपत्राने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. त्यात डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा माणूस उतरला. घरी बायको आणि चार मुलं, धंदा बुडत चाललेला. बोटीसाठी पैसे देणाऱ्याशी त्याचा करार असा होता की शर्यत पुरी झाली नाही तर बोट त्यालाच विकत घ्यावी लागेल. बोट लांबच्या प्रवासाला धड तयारही नव्हती, हे त्याला निघाल्यावर थोड्याच दिवसांत कळलं. पण मागे फिरलं तर दिवाळं, पुढे गेलं तर मरण. तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि रेडिओवरून खोटे ठिकाणे कळवत राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची बोट सापडली, ती रिकामी. शर्यत पुरी करणारे एकमेव खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या बायकामुलांना देऊन टाकले.

मला वाटतं, क्रोहर्स्टला समुद्राआधी कर्जाने बुडवलं. त्याने परतीचा रस्ता निघतानाच गहाण टाकला होता.

आता आपल्याकडचे कमांडर अभिलाष टॉमी घ्या. सप्टेंबर २०१८ मध्ये अशाच शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर मार बसला. हलताही येत नव्हतं. त्यांनी मदत मागितली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. हरलो म्हणायला त्यांना कसली आडकाठी नव्हती. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीला निघाले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. तोवर ते दोन लहान मुलांचे बाप झाले होते. दुसऱ्यांदा जाणं योग्य होतं का? ते त्यांच्या घरच्यांनी ठरवायचं, जळगावात बसून मी नाही. हिशेब चोख ठेवला म्हणून लाट चुकत नाही, हे मलाही कळतं.

हे सगळं लिहायला कारण घडलं ते धुळ्यात. तिथे मी काही वर्षं शिकवत होतो. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. वडील यंत्रमागावर, बारावी झालेल्या मुलाला बोटीवर नोकरी लावतो म्हणून कुणी एजंट भेटला होता. चार लाख मागत होता. आईचे दागिने मोडायचे, बाकीचं कर्ज काढायचं, असं घरात ठरत आलं होतं. “सर, तुम्हीच समजवा त्याला,” ती म्हणाली.

मी गेलो. मुलाला आधी सांगितलं की बोटीवर नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, असा कायदा आहे. असं काम करणाऱ्या कंपनीला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते. आम्ही यादी पाहिली. एजंटचं नाव त्यात नव्हतं.

तरी तो अडून बसला. “सर, मग काय इथेच माग चालवत बसू? अब्बांना आता नीट ऐकूही येत नाही.” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. घरी राहण्यातही जोखीम असते, ती फक्त हळूहळू वसूल होते. ज्याच्या घरी मासिक पगार येतो त्याने अशा मुलाला धोक्याचे धडे देणं सोपं आहे, आणि माझ्या घरी तो येतो.

शेवटी मी एवढंच विचारलं, “पहिल्या सहा महिन्यांत तुला वाटलं की हे आपलं काम नाही, तर परत येशील?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “कसा येणार सर? घरावर कर्ज असेल ना.”

दागिने मोडले नाहीत. सध्या तो मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो आहे. वेळ लागेल, कदाचित जमणारही नाही. त्याची आई अजून खूश नाही, कारण तिला एजंटपेक्षा समुद्राचीच भीती जास्त आहे. तिची ती भीती मी काढू शकलो नाही, आणि ती चुकीची आहे असंही म्हणणार नाही.

त्या नववीतल्या मुलीला मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नव्हतं. ते आता देतो. बेटा, घरच्यांनी सोडावं की नाही हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. पण जाणारी असो की जाणारा, निघण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. मागे राहणाऱ्यांच्या चुलीची सोय झाली आहे का, आणि अर्ध्या वाटेवरून रिकाम्या हाताने परत यावं लागलं तरी घरचं दार आपल्यासाठी उघडं राहील का. या दोन्हींना मनापासून ‘हो’ म्हणता आलं, तर मग घरच्यांसमोर बसून बोलायचं.