गुणपत्रिका म्हणजे मतपत्रिका नव्हे



‘कॉलेजात निवडणुका नकोतच’ हा लेख वाचला. निवडणुका ‘आपोआप बंद पडल्या’ हे धादांत चूक. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने मतदान काढून गुणांवर प्रतिनिधी नेमले. तसा मीही नेमला गेलो. बातमी मला शिपायाने दिली! वर्षभर नोट्स मागायला रांग, वसतिगृहाचा नळ कोरडा म्हणून सांगायला मात्र कोणी फिरकले नाही. का यावे? मला निवडले कोणी?

पैशांचे म्हणाल, तर विद्यार्थी निवडणुकांवरील लिंगडोह समितीने २००६मध्येच उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांवर बांधला, छापील पोस्टरही बाद केले. हाणामारीची भीती खरी. पण मारामारी होते म्हणून ग्रामपंचायतीच्या निवडणुका कोणी बंद केल्या? २०१६च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकीची तरतूद आहे. लेखकाने ती वाचावी.

– एक माजी वर्गप्रतिनिधी, पुणे