लुई अ‍ॅलन यांना संरक्षण का नाकारलंत?

प्रति,
अमेरिकेचा न्याय विभाग, वॉशिंग्टन.

महोदय,

लुई अ‍ॅलन यांची फाइल तुमच्या दप्तरी आहे. हा माणूस खरी साक्ष द्यायला तयार होता. जीव वाचेल एवढी तजवीज करा, इतकंच त्याचं मागणं होतं. ती तुम्ही केली नाहीत.

२५ सप्टेंबर १९६१. मिसिसिपीतल्या लिबर्टी गावी, कापसाच्या जिनिंगच्या आवारात हर्बर्ट ली या शेतकऱ्याला भर दिवसा गोळी घातली गेली. नऊ लेकरांचे वडील. कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीसाठी हिंडणाऱ्या बॉब मोझेस यांना ते आपल्या गाडीतून फिरवत, एवढाच त्यांचा गुन्हा. गोळी घालणारा ई. एच. हर्स्ट राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली असं ठरवून दुसऱ्याच दिवशी त्याला मोकळं केलं गेलं. अ‍ॅलन यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती स्वसंरक्षणाची साक्ष त्यांच्याकडून धाकानेच घेतली होती.

पुढे अ‍ॅलन यांनी एफबीआयला खरं सांगितलं : ली यांच्या हातात शस्त्र नव्हतं. संरक्षण मिळालं तर कोर्टात सांगेन, असं ते म्हणाले. मोझेस यांनी तुमच्याच विभागाकडे विचारणा केली. आम्ही संरक्षण देऊ शकत नाही, असं उत्तर मिळालं.

मग जे व्हायचं ते झालं. ते खरं बोलल्याची बातमी गावात फुटली. लाकडं तोडून विकणं हा अ‍ॅलन यांचा धंदा; त्यांचा माल कुणी घेईना, उधारी बंद झाली. डेप्युटी शेरीफने हातातल्या टॉर्चने त्यांचा जबडा फोडला. अखेर त्यांनी मिलवॉकीला निघून जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या रात्री, ३१ जानेवारी १९६४ ला, घराचं फाटक उघडायला ते ट्रकमधून उतरले. हल्ला होताच जीव वाचवायला ट्रकखाली शिरले, तिथेच छर्ऱ्यांचे दोन बार त्यांच्या डोक्यात घातले गेले. मृतदेह सापडला तो पोटच्या मुलाला.

कायदा-सुव्यवस्था हे राज्याचं काम, आमचा इलाज नव्हता, असं तुम्ही तेव्हा म्हणत होतात. हे मला मान्य नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून तुमचे शेकडो मार्शल याच मिसिसिपीत, ऑक्सफर्डला उतरले होते. बळ होतं, अधिकार होता. एका साक्षीदाराच्या फाटकाशी दोन माणसं उभी करणं तुम्हाला जड नव्हतं. अ‍ॅलन यांच्या खुनानंतरही धोरण बदललं नाही. जुलै १९६४ मध्ये एफबीआयचे प्रमुख हूव्हर जॅक्सनला येऊन, नागरी हक्क कार्यकर्त्यांना आम्ही संरक्षण देणार नाही, असं जाहीरपणे सांगून गेले. त्याच वेळी चेनी, गुडमन आणि श्वर्नर या खून झालेल्या तीन कार्यकर्त्यांचे मृतदेह नेशोबा काउंटीतल्या मातीच्या बांधाखाली पुरलेले होते.

आता नागरी हक्कांच्या लढ्यातल्या इतर खुनांच्या न्यायाचा हिशेब बघा. लमार स्मिथ, १९५५, ब्रुकहेवनच्या कोर्टाच्या हिरवळीवर दिवसाढवळ्या खून : एकालाही शिक्षा नाही. मेडगर एव्हर्स, १९६३ : खुनी दोषी ठरला १९९४ मध्ये. व्हर्नन डेमर, १९६६ : १९९८. नेशोबातले तिघे : राज्याच्या कोर्टातली पहिली शिक्षा ४१ वर्षांनी. जिमी ली जॅक्सन, वय २६, १९६५ : गोळी झाडणाऱ्या पोलिसाला २०१० मध्ये सहा महिने. जुनी प्रकरणं उकरून काढायची मोहीम तुम्ही २००६ मध्ये सुरू केलीत. सव्वाशेहून अधिक प्रकरणं तपासलीत आणि तुमच्याच अहवालांनुसार यशस्वी खटले झाले दोन. अ‍ॅलन यांच्या खुनाबद्दल आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

हे महाराष्ट्रातल्या माणसाने का विचारावं? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक तुमच्या देशातल्या लोकांना अर्पण केलं. गुलामांना मुक्त करणाऱ्यांबद्दल त्यांना आदर होता आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा होती. त्या अर्पणपत्रिकेच्या नात्याने मी जाब विचारतो आहे.

खुनी बहुतेक मेले आहेत, तेव्हा खटल्याची मागणी करत नाही. संरक्षण नाकारण्याचा निर्णय कोणाचा होता, कोणत्या दिवशी झाला, कोणत्या कागदावर सही झाली, ते सांगा. जुन्या प्रकरणांचे कागद खुले करण्याचा कायदा २०१९ च्या जानेवारीत तुमच्याच राष्ट्राध्यक्षांच्या सहीने झाला आहे. अ‍ॅलन यांच्या फाइलचं पान न् पान, एकही ओळ काळी न करता, प्रसिद्ध करा आणि त्यांच्या मुलांची नावानिशी, लेखी माफी मागा.

एक मराठी वाचक