दमसासाचा हिशेब

कॅफीनने दम टिकतो, बीटच्या रसानेही टिकतो. मग दोन्ही घेतल्यास दुप्पट टिकेल, या हिशेबाची लांब पल्ल्याच्या धावपटूंना भुरळ पडते. परंतु शरीर म्हणजे वाण्याची वही नव्हे. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी उपकारक ठरते, कारण आतड्यात त्यांच्या शोषणाचे मार्ग निराळे आहेत. एकट्या ग्लुकोजचे तासाला सुमारे ६० ग्रॅम कामी येतात, जोडीचे सुमारे ९०. प्रत्येक मिश्रणामागे असे कारण नसते; धोका मात्र डब्यागणिक वाढतो. २०००-०१ मध्ये खरेदी करून कोलोनच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या ६३४ पूरक उत्पादनांपैकी ९४ मध्ये वेष्टनावर न नोंदलेली स्टिरॉइडे आढळली. उत्तेजक चाचणीत उत्तरदायी ठरतो तो खेळाडूच. तेव्हा डबा सुचविणाऱ्या प्रशिक्षकाने आधी त्याचे कारण सांगावे, हेच उचित.