खाण तीस वर्षांची, वावर पिढ्यांचे



मुकुटबनच्या परिसरात जमिनीच्या वरही सोने आहे आणि खालीही. वरचे पांढरे सोने आपण पिकवतो, भाव दुसरे ठरवतात. खालचे काळे सोने दुसरे काढतात, त्याचाही भाव दुसरेच ठरवतात. दोन्हीकडून आपल्या वाट्याला काय येते, हा आमचा सवाल आहे.

आधी जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहू. मुकुटबनची चुनखडी अतिप्राचीन, पैनगंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकातली. तिच्यावरच इथला सिमेंट कारखाना २०२२ पासून चालू आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्याच्या वर वाळूचा खडक, ज्यात पाणी मुरते आणि ज्यातून आपल्या विहिरींना झरे येतात. कुठे कुठे त्याही वर दख्खनचा काळा पत्थर. आणि सगळ्यात वर, त्या पत्थराची झीज होऊन बनलेली दोन-चार हात काळी माती. तेवढ्यावरच आपला सारा संसार.

खुली खाण सोन्याची असो की कोळशाची, रीत एकच. वरची माती काढायची, सुरुंग लावून खडक फोडायचा, पायऱ्या पायऱ्यांनी खाली जायचे, डंपरने माती-दगड वाहून बाजूला डोंगर रचायचा. ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याची अशी खाण साडेतीन किलोमीटर लांब आणि सहाशे मीटरवर खोल गेली आहे. पण तो कोरडा मुलूख. इथे खड्ड्याच्या जागी पऱ्हाटी उभी असते. खड्डा विहिरीच्या तळाखाली गेला की आजूबाजूचे पाणी त्याच्याकडे धावते. तिकडे पंप रात्रंदिवस चालतात, इकडे विहिरीत बादली बुडत नाही.

आता कायदा पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम ४८ सांगते, जमिनीखालचे खनिज सरकारचे. सरकारी कोळसा कंपन्यांसाठी १९५७ चा कोळसा जमिनींचा कायदा आहे. त्याखाली संपादन झाले की जमीन पूर्णपणे सरकारजमा. मोबदल्यापुरता २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१५ पासून त्याला लागू झाला. रक्कम वाढली, ही चांगली गोष्ट. पण कोळसा वीस-तीस वर्षांत संपतो आणि सातबारा कायमचा जातो, याचे उत्तर वाढीव रकमेत नाही.

मार्की-मांगलीचे उदाहरण समोरच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातले २०४ कोळसा गट रद्द केले, त्यांत हेही होते. पुढे लिलाव झाले. कागद बदलले, खड्डा तिथेच राहिला.

आम्ही खाणीचे शत्रू नाही. वीज आणि सिमेंट आपल्यालाही लागते. जमीन विकणाऱ्या भावालाही आम्ही दोष देत नाही. कापसाला खर्चाइतका भाव मिळाला असता, डोक्यावर कर्ज नसते, तर तो दलालाच्या दारी गेला असता का? तोट्यातल्या शेतकऱ्याने केलेली सही ही राजीखुशीची सही नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. खाण मुदतीची आहे, तर जमीनही मुदतीने घ्या. दरसाल भाडे द्या, सातबारा शेतकऱ्याच्या नावावर ठेवा. काळी माती पहिल्या दिवसापासून वेगळी रचा, तिच्यावर दगडमाती टाकू नका. कोळसा निघत जाईल तसतसा मागचा खड्डा भरा, वर तीच माती पसरा आणि वावर परत करा. हे अशक्य असते, तर कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करतानाच्या कामासाठी खुल्या खाणींनी हेक्टरी ६ लाख रुपये वेगळ्या खात्यात साठवावेत, असे कशाला ठरवले असते? आपल्या भागातल्या प्रत्येक खाणीच्या खात्यात किती जमा झाले आणि मातीवर किती खर्च झाले, हे ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवा.

जिल्हा बैठकीला येताना एवढे करून या. आपल्या विहिरीची पातळी दोरीने मोजून तारखेसह वहीत लिहा आणि पुढेही दर महिन्याला लिहीत जा. वावराचा धुरा, झाडे, मातीची खोली यांची नोंद करा. गावातल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. उद्या साहेब विचारतील, इथे पूर्वी काय होते? तेव्हा आपल्या हाती नुसते गाऱ्हाणे नको, वही हवी.