फॉरमॅट मारा, साहेब!

मी स्वभावानं भांडकुदळ नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस भांडकुदळ राहूच शकत नाही. रोज शंभर-दीडशे माणसं समोर येऊन भांडून जातात, त्यात आपल्या वाट्याचं भांडणही परस्पर उरकलं जातं. पण आज मला भांडायचं आहे, आणि तेही एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'फॉरमॅट'.

आमच्या घरात एक गेमिंग कॉम्प्युटर आहे. अर्थात 'गेमिंग' हा शब्द मला नंतर कळला. 2021 साली शाळा घरोघरी भरत होत्या, तेव्हा खरेदीच्या अर्जावर कारण लिहिलं होतं 'बाबा, अभ्यासासाठी'. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात तो जुळवून घेतला. आतल्या पंख्यांना लाल-हिरवे दिवे पाहून मी विचारलं, "अभ्यासाला हे दिवे कशाला?" त्यावर दुकानदार आणि चिरंजीव एकमेकांकडे पाहून जे हसले, तसं हसू मी आजवर फक्त मॅनेजर आणि कर्जदार यांच्यामध्येच पाहिलेलं आहे.

चार वर्षं यंत्र सुरळीत चाललं. मग गेल्या वर्षी, गणपती उठल्यावर, त्याच्या अंगात यायला लागलं. कधी पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजायचं. माउस हलेना, आणि आवाज एकाच अक्षरावर अडकून घरघर सुरू. कधी सगळं एकदम काळं व्हायचं आणि यंत्र आपलं आपणच पुन्हा सुरू व्हायचं, जणू काही झालंच नाही. चिरंजीव व्हॅलोरंट नावाचा खेळ खेळतात. पाच विरुद्ध पाच असा तो सामना असतो. त्यातून मध्येच उठून गेलेल्याला शिक्षा होते. काही काळ पुढचे सामने बंद. यंत्र बंद पडलं की माणूस पळाला, हे तिथे कोण विचारतो? बिचारा पोरगा तिकडे पळपुटा ठरला. इकडे तीर्थरूप होतेच. "चोवीस तास गेम खेळल्यावर दुसरं काय होणार? झिजवलास तू तो!" हे वाक्य मी महिन्याभरात इतक्या वेळा म्हटलं की ही एकदा म्हणाली, "अहो, त्याचा एक शिक्काच करून घ्या. बँकेत सवय आहे तुम्हाला."

मग दुरुस्तीवाले आले. पहिल्यानं यंत्र सुरू केलं, एक मिनिट पाहिलं आणि निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागेल, साहेब." मी म्हटलं, "झालंय काय पण?" तो म्हणाला, "ते फॉरमॅट मारल्यावर कळेल." म्हणजे आधी अंत्यसंस्कार, मग पोस्टमॉर्टेम! पाचशे रुपये घेऊन त्यानं फॉरमॅट मारलं. त्यात माझ्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो गेले. ते कॉम्प्युटरवर आहेत हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव पुन्हा थिजलेल्या पडद्यासमोर बसलेले दिसले. फॉरमॅटनं घरातलं सगळं नेलं. बिघाड तेवढा जागच्या जागी ठेवला.

दुसरा म्हणाला, "ग्राफिक कार्ड गेलं. अठ्ठावीस हजार." तिसरा जरा शिकलेला होता. त्यानं विंडोजमधली घटनांची यादी उघडली, 41 हा आकडा दाखवला आणि म्हणाला, "बघा, कर्नल पॉवर फॉर्टी वन. पॉवर सप्लाय उडाला." मला वाटलं, सापडला बुवा चोर! पुढे वाचल्यावर कळलं की या 41 क्रमांकाच्या नोंदीचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. म्हणजे फौजदारानं पंचनाम्यात 'इसम मयत स्थितीत आढळला' असं लिहावं, तसंच हे. कशानं, ते नाही. आणि त्या पंचनाम्यावर आमचे डॉक्टर विषप्रयोगाचं निदान करून मोकळे!

वाचकहो, माझं भांडण नेमकं इथे आहे. फॉरमॅटनं कधीच काही सुधारत नाही, असं मी म्हणत नाही. विंडोजच्या फायली बिघडल्या असतील, व्हायरस शिरला असेल, तर ते योग्य औषध आहे. पण औषध हे निदानानंतर द्यायचं असतं. ताप, खोकला, कर्ज आणि घरगुती कलह या सर्वांवर एकच काढा देणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग कॉम्प्युटरच्या बाबतीतच त्याला 'इंजिनिअर' का म्हणतो?

मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या शास्त्राला कुणी शास्त्र म्हणत नाही, पण त्यात एक गोष्ट पहिल्या वर्षाच्याही आधी शिकवतात. ट्रायल बॅलन्स जुळला नाही, तर फरक तात्पुरता सस्पेन्स अकाउंटला टाकायचा. 'तात्पुरता' हा शब्द मास्तर फळ्यावर अधोरेखित करत असत. फरक तिथे टाकला म्हणजे चूक सापडली असं होत नाही. ती चादरीखाली झोपलेली असते. फॉरमॅट म्हणजे या धंद्यातलं सस्पेन्स अकाउंट. फरक दिसेनासा होतो, दुरुस्तीवाला घरी जातो, आणि चूक रात्री चादर बाजूला करून उठून बसते.

आणि चूक शोधायची कशी, तेही आम्हाला शिकवलेलं आहे. फरकाला दोननं भाग जात असेल, तर निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला पडली असण्याचा संभव. नऊनं जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल. 54 चे 45 झाले की फरक नऊचा. म्हणजे चुकीलाही चेहरा असतो. तो पाहायचा असतो. संध्याकाळी शंभर रुपये कमी भरले म्हणून कोणी बँकेची तिजोरी बदलत नाही.

तेव्हा एका रविवारी मी शंभर पानी वही आणली आणि चिरंजीवांना म्हटलं, "आजपासून रजिस्टर. तारीख, वेळ, काय चाललं होतं, थिजला की बंद पडला." चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो रँडम बंद पडतो. रजिस्टरमध्ये काय लिहायचं?" मी म्हटलं, "अरे, आमच्याकडेही गिऱ्हाईक म्हणतं, पैसे असेच गेले. असेच कधी जात नाहीत."

वही हे काही मागासलेपणाचं लक्षण नव्हे, बरं का. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-टू या अगडबंब कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला, तेव्हा तिथल्या मंडळींनी शोधत शोधत जाऊन एका रिलेमध्ये अडकलेला पतंग बाहेर काढला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही तिकडच्या संग्रहालयात जपलेली आहे, पतंगासकट. बिघाडाला 'बग' म्हणण्याची चाल त्याच्याही आधीची. पण पुरावा व्हाउचरला जोडावा तसा वहीला जोडण्याचा हा प्रकार पाहून, ही माणसं पूर्वजन्मी बँकेत असावीत अशी माझी खात्री झाली. आमचा पहिला दुरुस्तीवाला तिथे असता, तर त्यानं पतंगासकट फॉरमॅट मारलं असतं.

तीन आठवड्यांनी मी वही घेऊन बसलो आणि पाहतो तो काय, एक तक्रार नव्हतीच, दोन होत्या! यंत्र थिजायचं ते कधीही: खेळताना, प्रोजेक्ट लिहिताना, नुसतं गाणं चालू असतानासुद्धा. पण बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं ते फक्त खेळ चालू असताना, आणि तेही संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं ते साडेसात या वेळातच. दोन खातेदारांच्या नोंदी एकाच पासबुकात पडल्यावर ते जुळणार कसं?

आधी थिजणं घेतलं. इथे मी एकच नियम केला: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रोग गेला, तर कोणत्या औषधानं गेला हे कळत नाही. पेटी उघडून चार वर्षांची धूळ काढली. चिरंजीवांनी प्रोसेसरचं तापमान पाहिलं. खेळ चालू असतानाही ते सत्तरीच्या आसपास, म्हणजे ठीकच. थिजणं कायम. मग त्यांनी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट नावाचा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम घातला आणि रात्रभर चालू ठेवला. सकाळी पडद्यावर लाल ओळी! मेमरीचा वेग वाढवणारी एक्सएमपी नावाची सोय बंद करून पुन्हा तपासलं. लाल ओळी कायम. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून, एकाच खाचेत घालून तपासली. एक निर्दोष सुटली, दुसरी रंगेहाथ सापडली.

मेमरीतला एक कण बिघडला तर एवढं होतं का, असं हिनं विचारलं. त्यावर मी तिला बेल्जियमची गोष्ट सांगितली. 18 मे 2003 च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला मतदान यंत्रानं 4096 मतं जास्त दिली. मिळणं शक्य होतं त्याहून आकडा मोठा झाला, म्हणून चोरी सापडली. तज्ज्ञांनी प्रोग्रॅम तपासला. त्यात चूक नव्हती. पण 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात. म्हणजे मेमरीतल्या एका शून्याचा आपोआप एक झाला असावा, असं अनुमान निघालं. आमच्या नऊच्या फरकासारखाच हा प्रकार! फरकाच्या आकड्यानंच चोराचं नाव सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे फोटो उगाचच गेले." यावर माझ्याकडे तज्ज्ञांचं काही अनुमान नव्हतं.

आता राहिलं साडेसातचं गौडबंगाल. डोंबिवलीत संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास काय होतं? मी मोठ्यानं विचारलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोसायटीचा पंप लागतो. दिवे डोळा मारतात तेव्हा." झालं! पंप सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढतो, व्होल्टेज खाली येतं, आणि आमचा यूपीएस इमानदारीनं बॅटरीवर जातो. हा यूपीएस आधीच्या कॉम्प्युटरचा, सहाशे व्हीएचा, आणि बॅटरी अशी म्हातारी की साधं टायपिंग चालू असेपर्यंत ती बोजा पेलायची. खेळ चालू असला की ग्राफिक कार्डाची भूक पाहूनच मान टाकायची. सकाळीही पंप लागतो, पण तेव्हा चिरंजीव खेळत नाहीत. तेव्हा ते जागेच नसतात. खात्रीसाठी आठवडाभर यंत्र थेट भिंतीतल्या प्लगला लावलं. एकदाही बंद पडलं नाही. ज्यानं विजेपासून रक्षण करायचं, तोच ऐनवेळी वीज तोडत होता. कुंपणच शेत खात होतं!

नवी बॅटरी अकराशे रुपये. मेमरीची पट्टी वॉरंटीत फुकट बदलून मिळाली. ग्राफिक कार्ड आणि पॉवर सप्लाय, दोघेही निर्दोष, अजून आहे त्याच जागी सुखानं नांदताहेत.

आता दुरुस्तीवाल्यांना शिव्या घालून थांबलो, तर माझाही ट्रायल बॅलन्स जुळायचा नाही. आपण गिऱ्हाईक काय करतो? नवी वस्तू बसवली तर अठ्ठावीस हजार काढून देतो, पण कुणी तीन तास बसून म्हणाला, "वस्तू सगळ्या ठीक आहेत, नुसती एक पट्टी काढली, तपासणीचे आठशे द्या," तर म्हणतो, "केलंस काय तू आठशेचं?" डोक्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि हातानं विचार करावा अशी अपेक्षा ठेवायची! मग तोही विचार कशाला करील? फॉरमॅट मारतो आणि पुढच्या घरी जातो.

आणि मी? परवाच काउंटरवर एक पेन्शनर आजोबा चौथ्यांदा आले. पेन्शन जमा होत नव्हती. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "सिस्टीम हँग आहे, आजोबा. उद्या या." वाक्य पुरं होता होता मला तो पहिला दुरुस्तीवाला माझ्या खुर्चीत बसलेला दिसला. म्हटलं, "थांबा, बसा." खातं उघडून पाहिलं. हयातीच्या दाखल्याची नोंदच झाली नव्हती. माणूस चार वेळा समोर येऊन उभा राहिला, तरी तो हयात आहे याची तपासणी कुणी केली नव्हती. सिस्टीमला काहीही झालं नव्हतं.

त्या रात्री चिरंजीवांची वही मागून घेतली. बँकेत चुकीची नोंद खोडायची नसते. उलटी नोंद करून ती रद्द करायची असते. मी शेवटच्या पानावर लिहिलं: 'यंत्र गेम खेळून झिजवल्याचा जो आरोप चिरंजीवांच्या नावे वेळोवेळी टाकण्यात आला, तो चुकीचा असल्यामुळे उलट नोंदीनं रद्द करून वडिलांच्या नावे टाकण्यात येत आहे.' खाली सही केली.

चिरंजीवांनी दोनदा वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बाबा, तारीख राहिली."