दंड तिजोरीत, धूर गल्लीत

वीज गेली की जनरेटर सुरू होतो आणि ज्याच्या मालकीचा तो असतो त्याची सोय होते. धूर आणि आवाज मात्र शेजाऱ्यांच्या वाट्याला येतात. सोय एकाची आणि त्रास दुसऱ्याचा, अशी ही वस्तू आहे. म्हणूनच ती परदेशातून येते तेव्हा तिची खरी तपासणी बंदरावरच झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा ती गल्लीत येऊन बसली की तिला हलविणे महाकठीण.

आपले नियम मुळात वाईट नाहीत. १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल संचाचा आवाज आच्छादनापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो. ८०० किलोवॉटपर्यंतच्या संचांसाठी धुराच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. १ जुलै २०२३ पासून त्या फार कडक झाल्या. ७५ ते ५६० किलोवॉटच्या इंजिनाला पूर्वी दर किलोवॉट-तासामागे ०.२ ग्रॅम कण सोडण्याची मुभा होती; आता ०.०२, म्हणजे दहाव्या हिश्शाची. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून नमुना तपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते. हे बंधन देशी कारखानदाराइतकेच आयातदारावरही आहे. परदेशातला दाखला दाखवून ते टळत नाही.

वापरलेल्या डिझेल संचांबाबत तर आणखी एक कुंपण आहे. इतर बरीच जुनी यंत्रसामग्री खुलेपणाने आणता येते. पण जुना डिझेल संच आणायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. हे योग्यच आहे. नाही तर दुसऱ्या देशाने बाद केलेली इंजिने आपल्या दवाखान्यांमागे आणि सोसायट्यांच्या आवारात धडधडू लागतील.

मग अडते कुठे? परवानगीवाचून आलेला माल सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ खाली जप्त होऊ शकतो. पण त्याच कायद्याचे कलम १२५ मालकाला दंड भरून माल सोडवून घेण्याची वाट दाखवते. आयातीस मनाई असलेल्या मालाबाबत ही सवलत द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याने ठरवायचे असते. माझा आक्षेप इथे आहे. कापडाची किंमत कमी दाखवली, तर बुडालेला कर आणि दंड वसूल झाला की सरकारचे नुकसान भरून निघते. जनरेटरचे तसे नाही. दंड तिजोरीत जमा होतो आणि धूर पुढची दहा-पंधरा वर्षे गल्लीत राहतो. ज्याचे नुकसान झाले त्या शेजाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही.

यावर छोटे आयातदार म्हणतील, आम्हाला हे नियम माल न्हावाशेव्याला लागल्यावर कळतात. तोवर पैसे गेलेले असतात आणि कंटेनरचे भाडे रोज चढत असते. ही तक्रार अगदीच खोटी नाही. पर्यावरणाचे नियम एका मंत्रालयाचे, परवानगी दुसऱ्याची, जकात तिसऱ्याची. तेव्हा जनरेटरला कोणकोणते कागद लागतात, याची एकच यादी सोप्या मराठीत आणि हिंदीत बंदरांनी, बँकांनी व क्लिअरिंग एजंटांनी ऑर्डर देण्यापूर्वीच हाती द्यावी. अमेरिकेतून येणारा स्वस्त संच ६० हर्ट्झचा असतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची, एवढी साधी गोष्टही त्या यादीत असावी.

मात्र माहिती दिल्यावर दया नको. प्रमाणपत्राचा क्रमांक बिल ऑफ एंट्रीबरोबर तपासावा. तो नसेल तर माल मालकाच्या खर्चाने परत जावा. दंड घेऊन सोडण्याचा पर्याय या वस्तूपुरता तरी बंद करावा. कराच्या बाबतीत सरकारने तडजोड करावी, तो पैसा सरकारचा आहे. शेजाऱ्याच्या फुप्फुसांच्या वतीने तडजोड करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.